जेसीबी सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांनी ग्रुप काढून पाच लाख रुपये वर्गणी जमवली. गावचा ओढा खोल-रुंद करायचा बेत आहे, जेसीबीवाला बोलून ठेवलाय आणि मार्चमध्ये नारळ फोडायचाय. "प्रकल्प सुरू करताना आणि पुढे चालवताना मूलभूत गोष्टी कोणत्या पाळायच्या?" असं विचारलंय.

मी पाणलोटाचीच, म्हणजे पावसाचं पाणी शिवारात अडवायची-जिरवायची, कामं करत आलोय; आधी एका संस्थेत, आता गावं बोलावतील तिथे. तुमच्याकडे पैसे आहेत, मशीन आहे, मुलांची हौस आहे. प्रकल्प मात्र अजून झालेला नाही. तो व्हायला काय लागतं ते सविस्तर सांगतो, आणि पाच लाखांचं मी काय केलं असतं तेही सांगतो.

कुठल्याही गावाला मी आधी एकच विचारतो: तीन वर्षांनी गावात नेमकं काय बदललेलं दिसायला हवं? "गाव पाणीदार व्हावं" हे फ्लेक्सवर ठीक आहे, त्यावरून काम ठरत नाही. मे महिन्यात टँकर यायला नको, हे उद्दिष्ट झालं. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला एक-दोन पाणी जास्त मिळावीत, हेही झालं. वरच्या वस्तीची माळाची जमीन दरवर्षी धुपते ती थांबावी, हेसुद्धा चालेल. या तिन्हींची कामं वेगवेगळी आहेत. टँकर थांबवायचा असेल तर पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघायचं आणि त्या विहिरीच्या आसपास शेतीचा उपसा किती होतो तेही बघायचं. रब्बी साधायची असेल तर पैसा शेतातल्या बांधबंदिस्तीत जायला हवा. ओढा खोल करून यातलं काय साधणार आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ओढाच का, तर तो रस्त्यावरून दिसतो आणि मशीन तिथपर्यंत सहज जातं. बहुतेक गावांत हेच कारण असतं.

आता जरा आकडेमोड. हिशेबाच्या सोयीसाठी तुमचं शिवार १००० हेक्टर धरू. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी होतं. १००० हेक्टरवर ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख घनमीटर. आमच्या भाषेत ५००० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. दुष्काळी गावावरसुद्धा आभाळातून एवढं पाणी पडतं. आता पाच लाखांची खोदाई बघा. दर भागाप्रमाणे आणि मातीप्रमाणे बदलतो, पण समजा घनमीटरला ४० रुपये पडले. सगळेच्या सगळे पैसे खोदाईत घातले तर १२,५०० घनमीटरचा खड्डा होईल. म्हणजे साडेबारा टीसीएम. तो पावसाळ्यात तीनदा भरला आणि तीनदा जिरला तरी शिवारावर पडणाऱ्या पाण्याच्या एक टक्क्याच्या आतच राहतो.

आणि वापराची बाजू? पाटपाण्यावरच्या १ हेक्टर उसाला वर्षाला २० टीसीएमच्या वर पाणी लागतं. म्हणजे तुम्ही वर्गणीतून खोदलेला अख्खा ओढा एकदा भरला तर त्यात एक हेक्टर ऊसही निघत नाही. तेच पाणी हरभऱ्याला एक संरक्षित पाणी (पीक वाचवायला दिलेली एखादी पाळी) म्हणून दिलं, पाळीला ६ सेंटिमीटर धरून, तर २० हेक्टरला पुरतं. हा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडला की ज्यांच्याकडे ऊस आहे ते उठून तंबाखू मळायला बाहेर जातात. तरी मांडायचाच, आणि पहिल्याच बैठकीत. कारण प्रकल्पाचं खरं भांडण इथेच आहे, आणि मशीन आल्यावर ते भांडण कुणी काढत नाही.

थोडं मागचंही सांगतो. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याने जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. काही ठिकाणी चांगली कामं झाली, मी ती पाहिलीत. पण पोकलेन आणि नाला खोलीकरण यांनी बाकी सगळं झाकून टाकलं. ९,६०० कोटींहून अधिक खर्चानंतर २०२० मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेने, अहवालात म्हटलं की भूजलपातळी वाढवण्यात या कामांचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर राजकारण व्हायचं ते झालं. माझ्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट एवढीच की खोदलेले घनमीटर मोजले गेले आणि उपसलेलं पाणी मोजलं गेलं नाही. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यापासूनची गोष्ट सांगतात. चर आणि बंधारे तिथेही आहेतच. पण तिथे ऊस-केळी घ्यायची नाही, शेतीसाठी बोअर पाडायची नाही आणि पाऊस किती झाला ते बघून ग्रामसभेत पिकं ठरवायची, हे लोकांनी पाळलं. तुमच्या गावात हे आज होणार नाही, मला माहीत आहे. पण या दिशेने एक पाऊलसुद्धा टाकायची तयारी नसेल तर वर्गणी परत करून टाका. पालथ्या घड्यावर पाणी.

उद्दिष्ट ठरलं की पाहणी. ही पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर लगेच करायची असते, कारण तेव्हा पाणी स्वतःच दाखवतं कुठून येतं आणि कुठे जातं. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती वाळू आणि बाभळी. तुमचा पावसाळा हुकलाय, तर निदान माहीतगार माणसं तरी सोबत घ्या: मेंढरं वळणारा एखादा म्हातारा, विहिरी खोदलेला गडी, आणि पाणी भरणाऱ्या बायका. कुठल्या विहिरीला पाणी कधी चढतं आणि कधी तुटतं हे बायकांइतकं नेमकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना बैठकीला बोलावून मागे बसवू नका, शिवारफेरीत पुढे चालू द्या.

विहिरी मोजा. यंत्र लागत नाही. दोरीला नटबोल्ट बांधा, दोरीवर फुटाच्या खुणा करा आणि पाण्याला टेकेपर्यंत सोडा. विहिरीचा गट नंबर, काठापासून पाणी किती खाली, तारीख, मोटर किती एचपीची, बस्स. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तालुक्याच्या आकड्यांशी पडताळता येईल. पंधरा-वीस विहिरी पुरेत, पण माथ्याकडच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या अशा सगळीकडच्या घ्या. मोजताना विहिरीच्या भिंतीही बघा. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, त्याखाली काळा कातळ. आपलं पाणी मुरमात आणि मांजऱ्यात साठतं, कातळात नाही. फट असली तरच थोडंफार. ओढा खोल करताना तुम्ही मुरमाचा थर कापून कातळ उघडा पाडलात, तर शेजारच्या विहिरींचं पाणी उलट ओढ्यात पाझरून निघून जातं. असं झालेली गावं आहेत. पहिल्या वर्षी ओढ्यात तुडुंब पाण्याचे फोटो निघतात, आणि फेब्रुवारीत काठच्या विहिरी आधीपेक्षा लवकर तळ गाठतात.

कामाचा क्रम माथा ते पायथा, हे आता पोरंसोरंही सांगतात, पण प्रत्यक्षात पायथ्यापासूनच सुरुवात होते. कारण माथ्यावर मशीन चढत नाही. माथा उघडा ठेवून खाली ओढा खोदलात तर डोंगराची माती दोन-तीन पावसाळ्यांत तो बुजवून टाकते. वरती सलग समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर हवेत, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल. १०० मीटर चर म्हणजे १८ घनमीटर खोदाई; हाताने होणारं काम आहे. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, थोडी जागा सोडून टाकायची आणि त्या भरावावर पहिल्या पावसाआधी गवताचं बी टाकायचं.

यात चर "समपातळी" आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं. तिथे अंदाज चालत नाही. ए-फ्रेम बनवा: सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, आणि वरच्या टोकाला दोरीने दगड लोंबकळता सोडायचा. जमिनीवर दोन जागा खुंटीने पक्क्या करा, फ्रेम उभी करा, दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करा. आता फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधली जागा म्हणजे समपातळी. मग उतारावर आडवं चालत जायचं, दोरी मधल्या खुणेवर आली की पायाशी फक्कीचा ठिपका टाकायचा आणि पुढचा पाय शोधायचा. शाळेतली आठवीची मुलं हे काम अभियंत्यापेक्षा मन लावून करतात. आखणी चुकली आणि चराला एका बाजूला उतार लागला, तर सगळं पाणी त्या टोकाला गोळा होऊन फुटतं आणि तिथून नवीन घळ पडते. म्हणजे धूप थांबवायला गेलो आणि धुपीला वाट करून दिली. एक मात्र बघून घ्या: डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय एक कुदळही मारायची नाही. गुन्हा दाखल होतो, आणि तो श्रमदान करणाऱ्या पोरांवर होतो.

आता माणसांकडे येतो, कारण इथेच घोडं पेंड खातं.

पाणलोटात जमीन वरच्याची जाते आणि पाणी खालच्याला मिळतं. बांध वरच्या वस्तीच्या शेतात, मुरूम टाकायला जागा त्यांची, मशीन जायला वाट त्यांच्या उभ्या बांधावरून. आणि विहिरीला पाणी चढतं ते खालच्या मळेवाल्यांच्या. वरचा माणूस "बघू की" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. एका गावात वरच्या तिघा भावांनी शेतबांधाला साफ नकार दिला. ग्रुपवर त्यांना आडमुठे, विकासाचे शत्रू वगैरे म्हणून झालं. त्यांच्याशी बांधावर बसून बोललो तेव्हा कळलं, की मागे एका योजनेत त्यांच्या शेतात बांध घातला होता पण सांडवाच, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाटच, काढला नव्हता. पाणी आठवडाभर तुंबून बाजरी पिवळी पडली आणि शेवटी बांध फुटून खालचं शेतही वाहून गेलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तोडगा असा निघाला: सांडवा आधी, दगडी पिचिंगसकट (म्हणजे दगड रचून केलेल्या अस्तरासकट), त्याचा दगड आणि मजुरी खालच्या मळेवाल्यांनी द्यायची, आणि तलावातून निघणारा गाळ पहिल्यांदा या तिघांच्या माळावर पडणार. लेखी झालं, चावडीत वाचलं गेलं, मगच आखणीला हात लावला.

म्हणून संमतीपत्र हा नुसता कागद समजू नका. गट नंबर, सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या, बांध कुठून कुठे, मुरूम कुठे पडणार, सांडव्याचं पाणी कुणाच्या शेतातून कुठे जाणार, एवढं त्यात असलंच पाहिजे. सातबाऱ्यावर पाच नावं आणि सही एकाचीच, असं असेल तर मुंबईचा भाऊ गणपतीला येतो आणि काम बंद पाडतो.

दुसरे विसरले जाणारे लोक म्हणजे मेंढरं-शेरडं पाळणारे आणि भूमिहीन. राळेगणसिद्धीपासून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द आपल्याकडे रुळलेत आणि त्या बंदीशिवाय माथा हिरवा होत नाही हेही खरं. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, फक्त पंधरा शेरडं आहेत, त्याला विहिरीला चढणाऱ्या पाण्याचा काय उपयोग? बंदीचा सगळा खर्च तो एकटा भरतो. डोंगर एकदम बंद करू नका. तीन भाग करा, एक भाग बंद, दोन मोकळे. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क याच घरांना द्या. त्यांचा माणूस समितीत असला की पहारेकरी नेमावा लागत नाही.

समिती ग्रामसभेच्या ठरावाने करा. तुमच्या ग्रुपची आपसांतली समिती चालणार नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा सोयीची असते. ती गेली असेल तर खास ग्रामसभा बोलवायला सरपंचांना सांगा. सरपंच विरोधी पार्टीचे असतील तर पहिलं निमंत्रण त्यांनाच द्या. पुण्या-मुंबईच्या मुलांनी पैसा, हिशेब, नकाशे, पत्रव्यवहार सांभाळावा. रोजचा निर्णय गावात राहणाऱ्या एकाच माणसाकडे हवा, आणि तो कोण हे जेसीबीच्या ड्रायव्हरसकट सगळ्यांना माहीत हवं. व्हॉट्सॲपवर दोनशे लोकांनी "बांध अजून फूटभर वर घ्या" असं सुचवत राहायचं, हा प्रकार पहिल्या दिवशीच बंद करा. मजकूर टाका, फोटो टाका, निर्णय तिथे घेऊ नका.

मशीन गावात आलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आलंच आहे मशीन, तर तेवढं आमचं..." कुणाचा बांध सपाट करायचा असतो, कुणाचं शेततळं, कुणाच्या दारातला रस्ता. माझ्या मते गावातले प्रकल्प पैशाअभावी जितके अडतात त्यापेक्षा जास्त या वाक्याने बुडतात. नाही म्हणणं अवघड असतं, कारण मागणारा चुलता असतो आणि त्यानेच वर्गणी दिलेली असते. उपाय एकच, नियम मशीन यायच्या आधी लिहायचा: खाजगी काम करायचं तर ठरलेलं काम संपल्यावर, स्वतःच्या डिझेलने आणि ताशी भाडं आगाऊ भरून. समितीच्या अध्यक्षालाही तोच नियम. याचाच भाऊबंद म्हणजे प्रत्येक वस्तीला एक बंधारा देण्याचा आग्रह. पाणी वस्तीप्रमाणे वाटलेलं नसतं. जागा उताराने, नाल्याने आणि खडकाने ठरते. वाटणी न्यायाची दिसते म्हणून चुकीच्या जागी बांध घातला तर तो कोरडाच राहतो.

पैशाचं बघू. मशीनचा करार शक्यतो तासावर न करता घनमीटरवर करा. तासावर केलात तर रोज सकाळी-संध्याकाळी अवर मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं, शेजारी ड्रायव्हरची आणि आपल्या माणसाची सही. खोदलेल्या भागाची लांबी-रुंदी-खोली टेपने मोजून त्याच पानावर. ताशी किती घनमीटर निघाले ते दोन दिवसांत कळतं, आणि कमी का निघाले याचा जाब तिसऱ्या दिवशी विचारता येतो. शेवटी बिल आल्यावर नाही. खातं समितीच्या नावाचं, दोन सह्यांचं. जमा-खर्चाचा तक्ता दर रविवारी चावडीच्या भिंतीवर. निघालेला मुरूम विकून पैसे उभे करायची कल्पना कुणीतरी काढेलच. ते गौण खनिज आहे, महसूल खात्याचा विषय आहे, त्या वाटेला जाऊ नका.

आणि मातीचा मोठा नालाबांध किंवा सिमेंट बंधारा स्वतःच्या डोक्याने बांधू नका. त्याला पाया, गाभा, सांडव्याचं गणित, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता लागते. बांध फुटला तर खालच्या वस्तीच्या जिवाशी खेळ आहे. ओढ्याच्या खोदाईतही कडा उभ्या ठेवू नका, उतरत्या काढा; उभ्या कडेच्या डोहात जनावर पडलं तर वर येत नाही आणि पोरगंही येत नाही.

वेळापत्रक मृगापासून मागे मोजत यायचं. मृग ७-८ जूनला निघतो. त्याआधीचे पंधरा दिवस फक्त सांडवे, पिचिंग, गवताचं बी, राहिलेली टोकं. म्हणजे मातीकाम २० मेच्या सुमाराला थांबायला हवं, आणि १० मेनंतर नवीन जागा उघडायचीच नाही, हातातल्या पुऱ्या करायच्या. अर्धवट बांध न बांधलेल्या बांधापेक्षा वाईट. तो सैल माती घेऊन पहिल्याच वळवाला फुटतो. रब्बीची काढणी उरकायला मार्च उजाडतो, तोवर शेतात मशीन घालता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष खोदाईला हातात दीड-दोन महिनेच असतात. संमती, आखणी, मोजणी हे सगळं त्याच्या आधी. मेमध्ये लग्नसराई असते, श्रमदानाचे आकडे त्या हिशेबाने धरा. डिझेल, ड्रायव्हरचं जेवण, पंक्चर, गावची जत्रा, हे सगळं वेळ खातं, त्यामुळे तुम्ही मनात धरलेल्या कामाच्या दोन तृतीयांशच यादीत घ्या.

काम चालू असताना आठवड्याला एक बैठक पुरे, पण ती कामाच्या जागेवर, उभ्याने. गेल्या आठवड्यात काय ठरलं, काय झालं, काय अडलं आणि ते कोण सोडवणार. अडलेल्या गोष्टीपुढे माणसाचं नाव नसेल तर ती भिजत पडते. बाकी इतिवृत्त, फाइली वगैरे जेवढं झेपेल तेवढं.

पहिला मोठा पाऊस झाला की छत्र्या घेऊन सगळ्यांनी शिवारात जायचं, पाऊस चालू असतानाच. कुठून पाणी बाजूने निसटतंय, कुठला सांडवा कमी पडतोय, कुठे भराव खचतोय हे त्या दोन तासांत दिसतं ते पुन्हा दिसत नाही. फावडी सोबत ठेवा. एकूण पैशातला दहावा हिस्सा या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला असला पाहिजे, आणि तो उद्घाटनाच्या मंडपावर खर्च झालेला नसावा. मग ऑक्टोबरमध्ये विहिरी पुन्हा मोजायच्या आणि ते आकडे पुढच्या ग्रामसभेत, रब्बीच्या पेरणीआधी वाचायचे: पाऊस एवढा, विहिरींत पाणी एवढं, पिण्याला एवढं राखलं तर रब्बीला एवढं उरतं. पहिल्या वर्षी कुणी ऐकणार नाही. तरी वाचायचे आणि भिंतीवर लिहून ठेवायचे. मेमध्ये खरं काय झालं ते शेजारी लिहायचं. दुसऱ्या वर्षी लोक भिंतीपाशी थांबायला लागतात.

बोअरबद्दल एक शब्द. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळपर्यंत काम उरकून जाते. गावाने वर मुरवलेलं पाणी खाली एकाने ओढून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवायचं, हेही आता सर्रास आहे. कायदा तुमच्या मदतीला वेळेवर येणार नाही. ग्रामसभेचा ठराव आणि चारचौघांची लाज, एवढंच हत्यार आहे, आणि ते काम चालू असताना, सगळे एकत्र असतानाच उगारता येतं.

आता तुमचे पाच लाख. तुमच्या शिवारात १९७२ च्या दुष्काळातला किंवा नंतर रोजगार हमीतून झालेला एखादा पाझर तलाव नक्की असेल, गाळाने भरलेला, सांडवा ढासळलेला. नवीन कामाला नारळ फुटतो, दुरुस्तीला कुणी फोडत नाही, म्हणून तो तसाच पडून असतो. मी पहिला पैसा तिथे घातला असता. जागा आधीच योग्य ठरलेली आहे, जमिनीचा वाद जुना होऊन मिटलेला आहे आणि गाळ माळाच्या जमिनीला सोन्यासारखा आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आहे. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने नेला तर तुमचा खर्च फक्त उपशाचा. तलाव जलसंधारण विभागाचा की जिल्हा परिषदेचा ते तलाठ्याकडे आणि पंचायत समितीत विचारा, परवानगी घ्या, आणि गाळ काढताना खालचा मुरूम उकरू नका. गाळ संपला की थांबायचं. याला साधारण दोन-अडीच लाख धरा. लाखभर त्या तलावाच्या वरच्या अंगाच्या बांधबंदिस्तीला आणि सांडव्यांना. माथ्यावरचे चर श्रमदानातून किंवा रोजगार हमीतून. पन्नास हजार दुरुस्तीला राखून ठेवा. उरलेले खर्चच करू नका. कृषी खात्याकडे किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरकडे (सामाजिक कामाच्या निधीकडे) जाताना लोकवाटा हातात असला की बोलणं वेगळं होतं.

जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर सध्या देऊ नका. दिला असेल तर त्याला एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची तारीख द्या आणि ओढ्याऐवजी तलावावर यायला सांगा. तोपर्यंत संमतीपत्रं आणि विहिरींची वही पुरी करा. वही झाली की फोटो काढून पाठवा, कुठल्या विहिरीच्या वर पहिला बांध घालायचा ते आपण त्यावरून ठरवू.